स्टिअरिंग आधी सांगून ठेवते

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

सोयाबीन काढणीचे दिवस होते. आदल्या रात्री परतीचा पाऊस होऊन गेलेला. सकाळी सकाळी घाटाखालच्या एका गावातले गुरुजी आपली जुनी ओम्नी घेऊन माझ्याकडे आले. उतरता उतरताच म्हणाले, "भाऊ, साठच्या पुढे गेली की स्टेरिंग लय कापते. मागे लेकरं बसलेली असतात. हात घट्ट धरून धरून खांदे दुखायला लागले." त्यांना कोणीतरी सांगून ठेवले होते की रॅक गेला, अख्खा बदलावा लागेल. गुरुजींनी पैशांची जुळवाजुळवही केली होती.

मी गाडीखाली वाकून पाहिले. पुढच्या डाव्या चाकाच्या रिमला आतल्या बाजूने काळ्या मातीचा गोळा चिकटलेला होता, वाळून विटेसारखा घट्ट. शेताच्या वाटेने गेलेल्या गाडीला हे होतेच. पाण्याचा पाइप लावला, लाकडाच्या फळीने माती खरवडली, दुसऱ्या चाकाचीही काढली. गुरुजींना म्हटले, एक चक्कर मारून या. ते परत आले तेव्हा हसत होते. थरथर गेली होती. खर्च काय, तर दोन बादल्या पाणी.

आता यावर कोणी म्हणेल की चिमूटभर मातीने एवढी गाडी कशी हलेल? हिशेब करून बघा. ओम्नीचे चाक लहान, बारा इंची रिमचे. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाला ते सेकंदाला सुमारे दहा वेढे घेते. रिमच्या कडेला एका बाजूला फक्त शंभर ग्रॅम माती असली, तरी त्या वेगाला ती चाकाला साधारण पाच किलो वजनाएवढा हिसका देते, आणि तोही सेकंदाला दहा वेळा. वेग दुप्पट केला तर हिसका चौपट होतो. तो हिसका चाकातून दांड्यांत, दांड्यांतून रॅकमध्ये आणि तिथून आपल्या तळहातांत येतो.

ही गोष्ट सुरुवातीलाच सांगितली ती एवढ्याचसाठी, की जुन्या गाडीच्या स्टिअरिंगबद्दल मला जे सांगायचे आहे ते सगळे तिच्यात आले आहे. तक्रार हाताला कळते, पण दुखणे बहुतेक वेळा हातापासून लांब असते. आणि दुसरे असे की स्टिअरिंग सहसा एका दिवसात दगा देत नाही. ते आधी सांगून ठेवते. आपण ऐकत नाही, किंवा ऐकून सवय करून घेतो.

ओम्नीच का?

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात ही गाडी कुठे नाही? मारुतीची व्हॅन १९८४ साली बाजारात आली, १९८८ मध्ये तिला ओम्नी हे नाव मिळाले आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. अपघातातल्या सुरक्षेचे नवे नियम आले, त्यात हा जुना साचा बसेना. पण कारखाना बंद झाला म्हणून रस्त्यावरच्या गाड्या काही बंद झाल्या नाहीत. एमएच-२८ पाटीच्या ओम्नी आजही शाळेची मुले नेतात, शेगावला दर्शनाला जातात, खामगावच्या बाजारात माल पोचवतात, रात्री-अपरात्री पेशंट घेऊन अकोल्याकडे किंवा छत्रपती संभाजीनगरकडे धावतात. यातल्या पुष्कळ गाड्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या मालकाकडे आहेत.

या गाडीची बांधणी वेगळी आहे. इंजिन पुढच्या सीटखाली. पुढे बॉनेट नाहीच. चालकाचे गुडघे आणि समोरचा पत्रा यांत अंतर ते किती? म्हणजे इतर गाडीत समोरासमोर धडक झाली तर आधी बॉनेट चेपते. इथे आधी आपणच. म्हणून इतर गाडीपेक्षा हिचे स्टिअरिंग जास्त चोख असायला हवे. नेमके उलटे होते. गाडी स्वस्तातली, म्हणून दुरुस्तीही ‘चालते तोवर चालू द्या’ या हिशेबाने.

त्यात आपला जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा दोन मजली. बुलडाण्याहून मोताळा-मलकापूरकडे उतरायचे तर राजूर घाट, खामगावकडे जायचे तर बोथ्याचा रस्ता. सपाटीवर जे दुखणे झाकून राहते ते घाटातल्या वळणावर उघडे पडते, आणि तिथे दुसरी संधी मिळेलच असे नाही.

हातापासून चाकापर्यंत

स्टिअरिंग म्हणजे काही गूढ यंत्र नाही. हातातले चाक फिरवले की त्याला जोडलेला दांडा फिरतो. हा दांडा एका जॉइंटमधून खाली रॅकच्या पेटीत शिरतो. त्याच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असते, ते पिनियन. त्याच्या दात्यांत दाते अडकवून एक आडवी दातेरी पट्टी बसलेली असते, तो रॅक. पिनियन फिरले की रॅक डावीकडे किंवा उजवीकडे सरकतो. रॅकच्या दोन्ही टोकांना टाय रॉड, आणि टाय रॉडच्या टोकाला गोटीसारखा सांधा, ज्याला गॅरेजमध्ये ‘टाय रॉड एंड’ म्हणतात. तो चाकाचा आर्म ओढतो किंवा ढकलतो आणि चाक वळते. चाक ज्यावर वळते तिथे खाली बॉल जॉइंट, वर शॉकअपचे माउंटिंग.

म्हणजे ही एक साखळी आहे. सात-आठ कड्या. कोणतीही एक कडी ढिली झाली की आपल्याला एकच वाटते, ‘स्टेरिंग खराब झाले.’ आपल्या गुडघ्याला दुखले म्हणून गुडघाच बिघडला असे नसते; कधी चपलेची टाच झिजलेली असते. तसेच हे.

तक्रारी मुख्यतः चार. खेळ वाढणे, जड होणे, एका बाजूला ओढणे आणि कापणे. एकेक घेऊ.

खेळ: कायदा काय म्हणतो, गाडी काय म्हणते

स्टिअरिंग थोडे फिरवले तरी चाके हलत नाहीत, त्या मोकळ्या फिरण्याला आपण खेळ किंवा प्ले म्हणतो. थोडा खेळ प्रत्येक गाडीत असतो. प्रश्न किती, हा आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला नियम ९८ स्टिअरिंगविषयी आहे. तो सांगतो की स्टिअरिंगमधला मोकळा खेळ ३० अंशांपेक्षा जास्त नसावा, सगळ्या बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात, आणि जोडणीचे बोल्ट किंवा पिना सुटणार नाहीत अशा पक्क्या अडकवलेल्या असाव्यात. गाडीचे सगळे शहाणपण त्यात आहे.

मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. ३० अंश ही ट्रक-बससकट सगळ्या वाहनांसाठी घातलेली शेवटची मर्यादा आहे. सुमारे ३८ सेंटीमीटर व्यासाच्या चाकावर ३० अंश म्हणजे कडेला जवळजवळ दहा सेंटीमीटर होतात. रॅक-पिनियनच्या लहान गाडीत एवढा खेळ होईपर्यंत थांबणे म्हणजे ताप १०५ वर गेल्यावर डॉक्टरकडे जाणे. अशा गाडीत कडेला दोन बोटे, फार तर तीन सेंटीमीटर खेळ ठीक. त्यापुढे गेला की कारण शोधायला घ्या.

का? गाडीची दिशा फक्त एक अंशाने चुकली तर शंभर मीटर पुढे ती पावणेदोन मीटर बाजूला गेलेली असते. ताशी ६० च्या वेगाला शंभर मीटर म्हणजे सहा सेकंद. समोरून ट्रक येत असताना एवढी चूक परवडत नाही. खेळ असलेल्या गाडीचा चालक सतत थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे फिरवत राहतो. त्याला वाटते मी गाडी चालवतोय. खरे तर तो गाडीची चूक निस्तरत असतो.

खेळ कुठला आहे हे शोधायला महागडे यंत्र लागत नाही, दोन माणसे लागतात. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले, आणि किल्ली अशी की स्टिअरिंग लॉक होणार नाही. एकाने आत बसून स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवायचे, चार बोटे इकडे, चार बोटे तिकडे. दुसऱ्याने खाली पाहायचे. एकेका सांध्यावर हात ठेवत जायचे. ज्या सांध्यात अलीकडची बाजू हलते आणि पलीकडची जागची हलत नाही, तिथे खेळ आहे. हाताला बारीक ‘टक’ असे लागते. वरच्या दांड्याचा जॉइंट, रॅकचे बुश, रॅक चेसीला धरून ठेवणारे क्लँप आणि त्यांची रबरे, टाय रॉड एंड, या क्रमाने बघा. माझा अनुभव असा की पहिला गुन्हेगार बहुधा टाय रॉड एंड निघतो, आणि तो या साखळीतला स्वस्तातला भाग आहे.

मग चाक जॅकवर उचला. घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी धरून हलवले आणि खडखडले, तर टाय रॉड किंवा रॅक. १२ आणि ६ च्या जागी धरून हलले, तर बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग. एक सूचना मात्र हात जोडून करतो: नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. खाली पक्का स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे हवेतच.

नट कसण्याचा मोह

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळे बोलतोय तिच्याकडे येतो.

खेळ वाढला की पुष्कळ ठिकाणी एक झटपट उपाय होतो. रॅकच्या पेटीला एक ॲडजस्टिंग नट असतो. तो कसला की रॅक पिनियनवर दाबला जातो आणि खेळ गायब होतो. पाच मिनिटांचे काम. मालक खूश.

पण विचार करा. गाडी शंभरातले नव्वद किलोमीटर सरळ चालते. म्हणजे रॅकचे मधले दाते सर्वांत जास्त झिजतात. टोकाचे दाते, जे फक्त पूर्ण वळणावर कामाला येतात, ते जवळजवळ नवे असतात. मधल्या झिजलेल्या दात्यांच्या हिशेबाने तुम्ही नट कसला, तर सरळ रस्त्यावर गाडी छान लागेल. पण पूर्ण वळण घेताना टोकाचे न झिजलेले दाते आले की स्टिअरिंग अडकू लागेल आणि वळणानंतर आपोआप सरळ येणार नाही.

एका दूधवाल्या तरुणाची गाडी अशीच होती. एका गॅरेजमध्ये त्याने खेळ काढून घेतला. दोन दिवस सपाटीवर गाडी झकास. तिसऱ्या दिवशी घाट उतरताना उजवे वळण घेतले आणि स्टिअरिंग सरळ येईना. एरवी वळण संपले की आपण हात सैल सोडतो आणि चाक हातातून फिरत मधे येते. ते आलेच नाही. त्याने दोन्ही हातांनी ओढून गाडी सरळ केली तोवर उजवीकडचा कठडा हातभर अंतरावर होता. वेग कमी होता आणि समोरून काही येत नव्हते, एवढेच त्याचे नशीब. गाडीत दूध होते आणि शेजारी त्याचा सात वर्षांचा मुलगा. तो मला म्हणाला, "खेळ होता तवा गाडी माझ्या हातात होती. खेळ काढला अन् हातातून गेली."

म्हणून नियम असा ठेवा. आधी सांधे तपासा, झिजलेले बदला. नट हा शेवटचा उपाय, आणि तोही किंचित. कसल्यावर गाडी घेऊन दोन्हीकडे पूर्ण वळण घेऊन बघा. स्टिअरिंग स्वतः मधे आले नाही तर नट सैल करायला लावा. तरीही खेळ राहत असेल तर रॅकचे आयुष्य संपले, हे मान्य करा.

जड स्टिअरिंग

ओम्नीला पॉवर स्टिअरिंग नाही. त्यामुळे उभ्या गाडीत ते थोडे जड लागणारच. पण ‘पूर्वी लागत नव्हते, आता लागते’ असे असेल तर सर्वांत आधी पुढच्या टायरची हवा बघा. हसू नका. जड स्टिअरिंगची तक्रार घेऊन आलेल्या कितीतरी गाड्या मी नुसती हवा भरून परत पाठवल्या आहेत. हवा किती, ते गाडीच्या माहितीपुस्तकात असते. पुढे-मागे वेगवेगळी असू शकते. टायर गार असताना मोजावी.

हवा बरोबर असूनही जड असेल तर पुढची दोन्ही चाके उचलून स्टिअरिंग फिरवा. आता हलके झाले, तर रॅक ठीक. दोष टायरमध्ये, अलाइनमेंटमध्ये किंवा चाकाच्या कोनात. उचलूनही जडच राहिले, तर रॅक, दांड्याचा जॉइंट, बॉल जॉइंट किंवा शॉकअपचे वरचे माउंटिंग यांपैकी काहीतरी धरले आहे.

जुन्या गाडीत असे का होते याचे उत्तर पुष्कळदा एका रबरात सापडते. रॅकच्या दोन्ही टोकांना घडीघडीचे रबरी बूट असतात. ते फाटले की आत धूळ, चिखल, पाणी जाते. ग्रीस मातीत मिसळून पॉलिशपेपरसारखे दाते घासते, किंवा वाहून जाते आणि गंज धरतो. टाय रॉड एंडच्या आणि बॉल जॉइंटच्या टोपीचेही तेच. रबर फाटलेले दिसले आणि आपण दुर्लक्ष केले, तर पावसाळ्यानंतर सांधा गेलाच समजा. काही शेकड्यांचे रबर वाचवून काही हजारांचा रॅक विकत घेण्यासारखे आहे हे. कायद्याने रबरी टोप्यांचा मुद्दाम उल्लेख केला तो उगाच नाही.

जी गाडी महिनोन् महिने एका जागी उभी होती, तिच्या दांड्याचा जॉइंट गंजून एकाच जागी अडकतो. स्टिअरिंग फिरवताना एका वेढ्यात दोनदा जड, दोनदा हलके लागत असेल तर आधी या जॉइंटचा संशय घ्या.

एका बाजूला ओढणे

सरळ, सपाट आणि मोकळ्या रस्त्यावर हात हलके ठेवले की गाडी एका बाजूला जाऊ लागते. आधी हे लक्षात घ्या की आपले रस्ते पाणी वाहून जावे म्हणून मधे उंच आणि कडेला उतरते असतात. त्यामुळे डावीकडे थोडा कल असणे हा दोष नव्हे. पण हात सोडताच गाडी पळत असेल तर बघावे लागेल.

क्रम असा. दोन्ही पुढच्या टायरची हवा सारखी आहे का? मग दोन्ही टायर एकाच मापाचे, सारखे झिजलेले आहेत का? पुढचे दोन टायर आपसात बदलून बघा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. मग पाच-सात किलोमीटर ब्रेक फारसा न लावता गाडी चालवा, थांबवा आणि चाकांजवळ नुसता हात न्या, टेकवू नका. एक चाक दुसऱ्यापेक्षा फार तापलेले असेल तर ब्रेक धरून राहिला आहे. फक्त ब्रेक दाबल्यावरच गाडी ओढत असेल तरी ब्रेकच तपासायचा.

हे सगळे ठीक असेल तर अलाइनमेंट. टायरवरून तळहात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर चाके एकमेकांना समांतर नाहीत. टाय रॉड एंड बदलल्यावर अलाइनमेंट करावेच लागते. ते न करणे म्हणजे चष्म्याची काच बदलून नंबर न तपासणे. मात्र उलटेही करू नका. सांधे ढिले असताना केलेले अलाइनमेंट पहिल्याच खड्ड्यात बिघडते. पैसे वाया.

आणि एक कारण असे आहे ज्याकडे कोणी बघतच नाही. ते मागे असते. ओम्नीच्या मागच्या ॲक्सलला कमानपाटे आहेत. आपल्याकडे गाडीत सीटपेक्षा माणसे जास्त, वर सरकीच्या पेंडीचे पोते, लग्नाचा आहेर, सगळे मागे. पाट्याचा मधला बोल्ट तुटतो किंवा यू-बोल्ट सैल होतात आणि अख्खा ॲक्सल थोडा तिरपा होतो. मग मागची चाके एका दिशेला ढकलतात आणि बिचारा चालक पुढे स्टिअरिंग तिरपे धरून गाडी सरळ नेतो. शिवाय मागे फार ओझे झाले की पुढची चाके हलकी होतात, रस्ता नीट धरत नाहीत. घाट चढताना स्टिअरिंग एकदम मऊ, हलके लागले तर खूश होऊ नका. ती वजनाची सूचना आहे.

कापणे

कापण्याचे वेळापत्रक बघा, ते अर्धे निदान सांगते. एका ठरावीक वेगालाच, समजा ५५ ते ७० मध्येच कापते आणि पुढे-मागे थांबते, तर चाकाचे बॅलन्सिंग. आधी माती काढा, मग बॅलन्सिंग. फक्त ब्रेक लावल्यावर कापते, तर डिस्क वाकडी. खड्ड्यातून गेल्यावर कापणे सुरू होते आणि वेग अगदी कमी केल्याशिवाय थांबत नाही, तर सांधे ढिले आहेत. ही गाडी त्याच दिवशी गॅरेजला न्या. कमी वेगालाही डोलते, तर टायरला फुगवटा आला आहे का किंवा रिम वाकडी आहे का ते बघा.

टायरवरची तारीखही वाचायला शिका. कडेला चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१८ म्हणजे २०१८ सालचा ३२ वा आठवडा. नक्षी शाबूत आहे म्हणून टायर चांगला असे नाही. रबर म्हातारे होते, तडे जातात.

हे समृद्धी महामार्गामुळे आणखी महत्त्वाचे झाले आहे. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि मेहकर, सिंदखेड राजाकडच्या लोकांच्या दारातच हा रस्ता आला. गावच्या रस्त्याने कधी सत्तरच्या पुढे न गेलेली गाडी तिथे तासन् तास एका वेगाने धावते. सत्तरला जी थरथर ‘चालून जाते’ वाटत होती, तिचा हिसका नव्वदला दीडपटीच्या वर जातो. जुन्या ओम्नीने अशा रस्त्यावर जोर दाखवू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

जुनी गाडी घेताना

जुनी ओम्नी घ्यायला जाल तेव्हा रंग आणि सीट कव्हर शेवटी बघा. कागदपत्रे, चेसी नंबर, पंधरा वर्षे झाली असल्यास नोंदणीचे नूतनीकरण, हे तर बघालच. स्टिअरिंगसाठी एक सोपी परीक्षा सांगतो. मोकळ्या जागेत जमीन थोडी ओली करा आणि गाडी तिच्यावरून सरळ न्या. मग चाकांचे माग बघा. मागच्या चाकांचा माग पुढच्या चाकांच्या मागावर दोन्ही बाजूंनी सारखा पडायला हवा. एका बाजूला बाहेर आणि दुसऱ्या बाजूला आत पडत असेल तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. कुठेतरी जबर मार बसलेला आहे किंवा ॲक्सल सरकला आहे. अशी गाडी स्वस्तात मिळाली तरी महागात पडते.

मग दोन्ही बाजूंना पूर्ण वळण घ्या, खड्ड्यातून हळू न्या, कान उघडे ठेवा. खाली वाकून टाय रॉडचे नट बघा. त्यात लोखंडी पिन, म्हणजे स्प्लिट पिन असते. तिच्या जागी बांधकामाची तार किंवा खिळा वाकवून घातलेला दिसला तर समजा, पूर्वीच्या मालकाने इतर ठिकाणीही असेच केले असेल. ती पिन दोन-चार रुपयांची. पण ती पडली, नट सुटला, टाय रॉड निखळला, तर दोन चाके दोन दिशांना जातात आणि त्यानंतर चालकाच्या हातात काहीच उरत नाही.

तसेच स्टिअरिंगच्या दांड्यांवर, आर्मवर वेल्डिंगचा डाग दिसला तर ती गाडी नको. आमच्या धंद्यात वेल्डिंगने पुष्कळ गोष्टी जुळतात, पण या नाही. तापवलेले लोखंड वरून जोडलेले दिसते. आतून त्याची ताकद गेलेली असते. वाकलेला टाय रॉड तापवून सरळ करणे हाही तोच प्रकार. तो भाग बदलायचाच, आणि बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्यायचा.

महिन्यातून दहा मिनिटे

सांगण्यासारखे आणखी पुष्कळ आहे, पण वेळेचे बंधन आहे. महिन्यातला एक दिवस ठरवा, बाजाराचा म्हणा किंवा अमावास्येचा म्हणा. त्या दिवशी दहा मिनिटे गाडीला द्या. चारही टायरची हवा. रिमच्या आतली माती. रबरी बूट फाटलेत का. पिना जागेवर आहेत का. स्टिअरिंगचा खेळ दोन बोटांच्या आत आहे का. मागचे यू-बोल्ट घट्ट आहेत का. या सहा गोष्टींना एकही रुपया लागत नाही.

शाळेच्या गाडीबद्दल पालकांनाही एक विनंती. आपण मुलाला गाडीत बसवतो, चालकाला ‘हळू ने रे बाबा’ म्हणतो आणि घरी जातो. एखाद्या दिवशी त्याला विचारा, "दादा, स्टेरिंग कसं आहे?" तो रागावणार नाही. उलट कोणी विचारले याचे त्याला बरे वाटेल. कित्येक चालकांना गाडीचे दुखणे ठाऊक असते, पण गाडी दुसऱ्याची असते आणि मालक ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतो. चार पालकांनी विचारले तर तो पुढचा महिना याच महिन्यात येतो.

ते गुरुजी अजून येतात. गाडी आता म्हातारी झाली आहे, रंग उडाला आहे, पण पावसाळ्यानंतर स्वतःच रिम धुतात. परवा म्हणाले, "भाऊ, आता हाताला जरा वेगळं लागलं की मी गाडी थांबवतो. आधी थांबवत नव्हतो." मला वाटते, मेकॅनिकने शिकवायचे ते एवढेच. बाकी पान्हा फिरवायला आम्ही आहोतच.